गाठ गेली, पुढं काय?



गारपीट झाली की आम्ही मंडळी बांधावर येतो, पंचनामा करतो. किती झाडं मोडली, किती उभी राहिली, उभ्यांना काय लागेल. पण घरातलं माणूस कॅन्सरमधून उठून आलं, तर त्याचा असा पंचनामा कोणी करत नाही. "बरी झालीस ना? झालं तर मग!" एवढ्यावर विषय संपतो.

आमच्या वहिनींचंच सांगतो. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. दोन वर्षं सगळं ठीक. मग लिंबं तोडताना त्याच बाजूच्या हाताला काटा लागला. लिंबाच्या काट्याला आपण मिरजगावकर कधी भीक घालतो? तिसऱ्या दिवशी ताप, हात लाल आणि टम्म सुजलेला. काखेतल्या गाठी काढल्या की हातातला पाझर वर सरकायची वाट अरुंद होते, तिथं साधी जखमही चिघळते. हे त्यांना दवाखान्यातून निघताना कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी? फवारताना हातमोजे घाला म्हणून गावोगाव सांगत फिरलो, घरचा हात मात्र पाहिला नाही.

म्हणून विचारा. नुसतं "कसं आहे?" नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा माणसांसाठी 34 प्रश्नांची यादी केली आहे. त्यात त्रास आहे का एवढंच विचारत नाहीत. मदतीची गरज आहे का, आणि ती भागली का, हे विचारतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. पिकाला पाणी दिलं का, हा एक प्रश्न. मुळाशी पोचलं का, हा दुसरा.

आपल्याकडे सोलापूर रस्त्यानं करमाळ्याकडे उतरलं की पुढं परांडा, मग बार्शी. तिथं 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत माणसं फिरली, रुग्ण शोधले, पुढं ते जगले का याचीही नोंद ठेवली. काम मोठंच. पण जगलेल्याला काय कमी पडतंय, ते घरच्यांनाच आधी दिसणार.

तंबाखूमुळं गालाचा कॅन्सर झालेले आपल्याकडे पुष्कळ. किरणांचे शेक घेतल्यावर तोंड कोरडं पडतं, जबडा आखडतो. भाकरी चावत नाही, म्हणून गडी पंगतीला बसायचं टाळतो, आणि आपण म्हणतो, माणूस तिरसट झाला. दूध-भाकरी कुस्करून द्या, डॉक्टरांनी दाखवलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करून घ्या. दात काढायचा झाला तर शेक घेतल्याचं दातांच्या डॉक्टरांना आधी सांगाच. हाडाची जखम लवकर भरत नाही.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर शेक घेतलेल्या बायकांना लघवीचा, शौचाचा त्रास उरू शकतो. नवरा-बायकोच्या संबंधातही दुखतं. ही गोष्ट ती सासूला सांगणार नाही, नवऱ्यालाही सांगेलच असं नाही. आशाताईंना किंवा डॉक्टरीणबाईंना भेटायला तिला एकटीला जाऊ द्या. आणि कोणाच्या घरी तिचा पेला वेगळा ठेवला असेल, तर तो आजच एकत्र करा. हा रोग स्पर्शानं, उष्ट्यानं लागत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन, शेक, औषधांचा भार हलका होतो. पण तपासणीच्या खेपा वर्षानुवर्षं असतात, आणि गाडीभाडं, बुडालेला रोज घरचाच. कापूस विकला नाही म्हणून चुकलेली तपासणी मी पाहिली आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला तपासणीसाठीही सवलत मिळते. दवाखान्याचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो, तो पुढच्या खेपेला मागून घ्या.

वहिनी आता लिंबं तोडत नाहीत. बांधावर बसून प्रतवारी करतात, हातात मोजा घालून.