यंत्राला दिलेला हुकूम

कोंढ्यासारख्या गावात ‘एजंट’ म्हटले की तहसील कचेरीच्या दारात कागद घेऊन उभा असणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आता संगणकात नव्या जातीचा एजंट शिरू लागला आहे. साध्या वाक्यात काम सांगावे आणि त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअरमधील साधने या कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतः निवडून चालवावीत, अशी ही व्यवस्था. अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जोडणीसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. इतर मोठ्या कंपन्यांनीही ती पुढे स्वीकारली.

हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, असे समजून चालणार नाही. साधनाच्या आत काय चालते हे एजंटाला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि भरावयाच्या माहितीची यादी. त्यावरूनच तो निवड करतो. ते वर्णन हाच त्याला दिलेला हुकूम होय. आणि हुकूम संदिग्ध असला, तर त्याची किंमत तो लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही.

पवनी तालुक्यातील धान उत्पादकाचेच उदाहरण घ्यावे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते; बोलण्यात मात्र एकर असतो. दोन एकरांच्या धन्याची नोंद ०.८१ अशी दिसते. उद्या धान खरेदीच्या नोंदणीचे काम एजंटाकडे गेले आणि साधनाच्या वर्णनात केवळ ‘क्षेत्र भरा’ एवढेच असले, तर तो ०.८१ हा आकडा एकराचा समजू शकेल. खरेदीची मर्यादा क्षेत्रावरून ठरते. ती दोन-पंचमांशावर येईल. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. मर्यादेबाहेरचा माल व्यापारी सांगेल त्या भावाने विकावा लागेल. एका गाळलेल्या शब्दाने एवढे नुकसान होऊ शकते.

म्हणून चांगल्या वर्णनात काही गोष्टी असल्याच पाहिजेत. साधन नोंद नुसती पाहते की बदलते, हे पहिल्या वाक्यातच यावे. ‘शेतकऱ्याची माहिती हाताळते’ या शब्दांत दोन्ही अर्थ लपतात, आणि पाहावयास गेलेला एजंट नोंद पुसून येऊ शकतो. प्रत्येक रकान्याचे माप लिहिलेले असावे : हेक्टर की एकर, क्विंटल की किलो. साधन केव्हा वापरू नये हेही सांगावे. बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर सापडले नाही, तर अर्ज फेटाळू नये, तो माणसाकडे पाठवावा. काम अडले तर काय करावे हेही नमूद असावे. नाहीतर एकच अर्ज दोनदा नोंदला जाईल.

यंत्र अधिक हुशार झाले की हे प्रश्न आपोआप सुटतील, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. एखाद्या रकान्यातील आकडा हेक्टरचा आहे हे कोणी लिहिलेच नसेल, तर हुशारीने फार तर अंदाज बांधता येतो. ते ज्ञान वर्षानुवर्षे नोंदणी करणाऱ्या कारकुनाजवळ आणि केंद्रावरील ऑपरेटरजवळ असते. वर्णने त्यांना बरोबर घेऊन लिहिली पाहिजेत. त्यांचे ज्ञान काढून घ्यावयाचे, त्यांनाच कामावरून दूर करावयाचे आणि चूक झाली की पुन्हा त्यांच्याच माथी मारावयाची, ही रीत श्रमिक चळवळीला नवी नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सरकारी यंत्रणांना आपले कर्मचारी वापरतात ते नियम, सूचना आणि नियमपुस्तिका आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगते. कर्मचाऱ्याच्या जागी एजंट आला म्हणून त्याला दिलेल्या सूचना गुप्त का राहाव्यात? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. शेतकऱ्याच्या धानाचा निवाडा करणाऱ्या ओळी त्याला वाचता येतील अशा मराठीत असणे हे त्या कायद्याच्या हेतूला धरूनच होईल.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात तीन मागण्या धराव्यात : वर्णने मराठीत प्रसिद्ध व्हावीत, वापरापूर्वी ती शेतकरी व कर्मचारी यांच्यासमोर पारखली जावीत, आणि अर्ज नाकारण्याचा अधिकार यंत्राला नसावा. संगणकाला विरोध करण्याचा हा प्रश्न नाही. हुकूम कोणी लिहिला आणि त्याचा जाब कोणाला विचारावयाचा, एवढे जनतेला कळले पाहिजे.