फासा दिसतो, काडी दिसत नाही

बुलढाणा जिल्ह्यात फाल्गुन लागला की धुऱ्यावर तितराचा नर ओरडायला लागतो आणि त्याच सुमारास धुरे पेटायला लागतात. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्यावर बोरी, बाभळी, कुसळी गवत वाढलेलं असतं. मग उन्हाळ्यात कधीतरी मोबाइलवर एक ठरावीक फोटो येतो. मागे वर्दीतले लोक ताठ उभे, पुढे उकिडवे बसलेले दोन फासेपारधी, मधे जमिनीवर फासे आणि मेलेले तितर. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या: ह्या लोकांनीच सगळं संपवलं.

मी चिखली तालुक्यातला, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. ह्या प्रतिक्रिया माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच इंजिनिअर झालेले लोक लिहितात. भांडण त्यांच्याशी आहे.

फासेपारधी तितर धरतात हे खरंच आहे. पिंजऱ्यातला पाळीव नर ओरडतो, आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून रानातला नर धावून येतो आणि भोवतीच्या फाशात अडकतो. हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा लहान शिकारीसाठी परवाना मिळायचा. १९९१ च्या दुरुस्तीने तो बंद झाला. तो बंदच राहावा.

पण तोच कायदा पुढे वाचा. कलम २, पोटकलम १६. शिकार म्हणजे काय हे सांगताना कायदा रानपक्ष्यांची अंडी नासवणं आणि घरटी विसकटणं यालाही शिकारच म्हणतो.

आता हिशेब करा. तितर जमिनीवर घरटं करतं. उथळ खळगा, वर बोरीची जाळी, आत चार ते आठ अंडी. विणीचा मुख्य हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. धुरे पेटतात मार्च ते मे. फाशात एकेक पक्षी जातो. काडीने अंडी जातात, लपायची जागा जाते, पिल्लं ज्या वाळवीवर आणि किड्यांवर वाढतात तेही जातात. उरलेलं पावसाळ्यात तणनाशकाखाली येतं. आणि एखाद्या वर्षी जेसीबी येऊन धुराच सपाट करतो. सोयाबीनची दोन तासं वाढतात. ह्याचा फोटो कुणी काढत नाही.

अमेरिकेत ह्याच दिवसांत रानटी टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. शिकारी मादीचा आवाज काढतो, नर फुलून जवळ येतो, गोळी सुटते. युक्ती पारध्याचीच, फक्त तिथे ती छंद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी तिथे संपत आला होता; आज तो लाखोंनी आहे. कारण बंदूक नव्हे. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी आणि त्यांच्या जागेसाठी राखून ठेवला, आणि पक्षी मोजले गेले. टेनेसी राज्यात टर्की कमी होताना दिसल्या तेव्हा २०२३ पासून हंगाम दोन आठवडे पुढे ढकलला आणि मर्यादा दोन नरांवर आणली. यंदा हंगाम कसा चाललाय, ह्याचं उत्तर तिथे आकड्यांत मिळतं.

आपल्याकडे मोजणी कशाची होते? टिपेश्वरहून निघालेला वाघ १३०० किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात कॉलर होती, त्याचा रस्ता नकाशावर उमटला, आपण सगळ्यांनी तो शेअर केला. छान झालं. पण तितर अभयारण्याच्या बाहेर, आपल्या सातबाऱ्यावर राहतं. तिथे कोण मोजतं?

मोजणी नसली की दोषी चेहऱ्यावरून ठरतो, आणि पारध्याचा चेहरा त्यासाठी तयारच आहे. १८७१ च्या कायद्यानुसार जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या; त्यांत पारधी आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावर सुटका झाली. जमीन मिळाली नाही. ज्या माळावर पोट होतं त्याला सरकारी भाषेत पडीक म्हणतात, आमच्याकडे ई-क्लास. तिथे अतिक्रमण चालतं, नांगर चालतो, मुरूम उपसलेला चालतो. पारध्याचं पाल मात्र चालत नाही.

उलट शेजारच्या अकोला-वाशीम भागात संवेदना ही संस्था फासेपारध्यांसोबतच माळरान आणि तणमोर वाचवण्याचं काम करते. तणमोर २०२१ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. माळावर तो कुठे उतरतो, कोणत्या गवतात दडतो, हे पारध्याइतकं कुणाला कळतं? हे ज्ञान तुरुंगात टाकायचं की पगार देऊन मोजणीला लावायचं, एवढाच प्रश्न आहे.

मला शेतकऱ्यालाही आत टाकायचं नाही. मजूर मिळत नाही, निंदण परवडत नाही, धुऱ्यात साप निघतो, म्हणून तो काडी लावतो. पण सगळा धुरा एकाच वर्षी पेटवायची गरज नाही. अर्धा यंदा कापा, अर्धा पुढच्या वर्षी. होळीनंतर आग नको. ग्रामसभेने ठरवलं तर गावाचं होऊ शकतं, आणि सरकारला खरंच तितर वाचवायचे असतील तर राखलेल्या धुऱ्याचे पैसे द्यावेत.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. पुण्या-मुंबईत बसून त्या फोटोखाली शिव्या लिहिणाऱ्या आपल्यातल्या अनेकांचं नाव गावाकडच्या सातबाऱ्यावर आहे. शिवी टाइप करण्याआधी घरी फोन लावा आणि विचारा, यंदा आपला धुरा पेटवला का?