बालसाहित्यातले बिनकामाचे प्राणी

नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५ मध्ये साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अशा निमित्ताने बालसाहित्याविषयी गौरवाने बोलले जाते; समीक्षेचे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. त्यांपैकी एक प्रश्न येथे उपस्थित करायचा आहे : मराठी बालकथेतले प्राणी काम का करीत नाहीत?

प्राण्यांची दोन रूपे या कथेत रूढ झाली आहेत. एक बोधकथेतले : कोल्हा धूर्त, गाढव मूर्ख, म्हणजे प्राणी हा मानवी गुणदोषांचा मुखवटा. दुसरे शहरी मध्यमवर्गीय घरातल्या लाडक्या कुत्र्या-मांजराचे. एकात प्राणी तात्पर्यासाठी, दुसऱ्यात लाडासाठी. दोन्हींतून वगळले गेले ते श्रमाचे जनावर. वस्तुतः ज्या ‘पंचतंत्रा’चा दाखला सतत दिला जातो, त्याच्या पहिल्याच तंत्राचा आरंभ गाडी ओढताना जायबंदी झालेल्या आणि व्यापाऱ्याने वाटेतच सोडलेल्या संजीवक नावाच्या बैलापासून होतो. आपल्या बालसाहित्याने तात्पर्य तेवढे उचलले. बैल त्यानेही वाटेतच सोडला.

नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या नावाने लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाने देवणी हे गोवंश ओळखले जातात. या मुलखातल्या मुलाला बैल हा शेतातला सोबती आणि घरातली मत्ताही असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. माणसांच्या पाण्याची ही गत, तेथे जनावरांच्या वैरणीचे काय? दुष्काळात दावणीचा बैल बाजाराची वाट धरतो, तेव्हा त्याला चारणाऱ्या मुलापुढे जो पेच उभा राहतो तो शहाणपणाने वा सद्वर्तनाने सुटणारा नसतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटाच्या शोधात धावतो, आणि ती धाव आनंददायी आहे यात शंका नाही. परंतु या मुलाला संकट घरी येऊन गाठते. पहिल्या मुलासाठी आपल्याकडे कथारूप सिद्ध आहे, दुसऱ्यासाठी ते अद्याप रुजलेले नाही.

‘मुलांना दुःख दाखवू नये’ असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो प्रामाणिक असता, तर राम पटवर्धनांनी अनुवादिलेल्या ‘पाडस’चे एवढे कौतुक झाले नसते. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या या कादंबरीत ज्योडीने जिवापाड वाढवलेले हरणाचे पाडस घरचे पीक खाऊ लागते, आणि अखेर त्याच्यावर गोळी झाडणे ज्योडीलाच भाग पडते. मका आणि माया यांतून एकाची निवड करायला लावणारे दारिद्र्य तेथे कोठेही लपवलेले नाही. फ्लोरिडातल्या मुलाचे दुःख अभिजात ठरते; कंधारच्या मुलाचे मात्र ‘मुलांना न पेलणारे’! हा न्याय बालमानसशास्त्राचा नव्हे, अभिरुचीच्या मक्तेदारीचा आहे.

लेखकांना एकट्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांच्यापासून मराठवाड्याच्या ग्रामीण साहित्याने प्रौढांसाठी हे जग उभे केलेच आहे. अडसर आहे तो निकषांचा. ‘संस्कार’ हा एकच निकष लावणारी समीक्षा पुस्तकात मूल्य कोणते हे विचारते. त्या मूल्याची किंमत कोण मोजतो, हे विचारत नाही. दावण, कडबा, आखाडा हे शब्द तिला बोलीचे अलंकार वाटतात. ते एका अर्थव्यवस्थेची परिभाषा आहेत, हे तिच्या ध्यानात येत नाही.

येथे दुःखाचे प्रदर्शन अभिप्रेत नाही. अद्भुत, विनोद, साहस यांना मुलाच्या जगात जागा हवीच. लाल कंधारी बैल बोललाही तरी हरकत नाही. मात्र तो बोलेल तेव्हा आपल्या मानेवरच्या जुवाविषयी बोलेल, एवढी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार त्याला चारणाऱ्या मुलाला आहे. तो मान्य करणे हे बालसाहित्यावरचे उपकार नव्हेत. समीक्षेने उशिरा फेडलेले ते देणे ठरेल.