शेवटच्या कडव्यातला कवी



आपल्या समाजात आज तीन तऱ्हेचे रसिक आहेत. पहिल्यांनी कव्वालीचा सामना मंडपात बसून रात्रभर ऐकला. दुसऱ्यांच्या वाट्याला त्या गाण्यांची कॅसेट आली. तिसऱ्यांना मोबाईलवरचे दीड मिनिट मिळते. पिपरी मेघेत हे तिन्ही रसिक पुष्कळदा एकाच घरात राहतात. आजी, बाप आणि नातू. त्यामुळे गाण्याचा विषय निघाला की चहा थंड होतो आणि वाद तापतो. या वेळचे सदर आम्ही त्या वादालाच देत आहोत.

वादाचे मुद्दे ठरलेले असतात. नागपूरच्या नागोराव पाटणकरांची कव्वाली सरस की मुंबईकडच्या गायकांची? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मोठा की विठ्ठल उमप यांचा? प्रल्हाददादांनी पंढरीची गाणीही गायिली, ती आपण ऐकावी की नाही? या शेवटच्या प्रश्नावरून एका घरातील सासूसुना दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, अशी हकीकत आम्हांस मोठ्या चवीने ऐकविण्यात आली. आमचे मत विचाराल तर कलावंताच्या घरची चूल कशी पेटते ते आधी पाहावे. कॅसेट कंपनी जे मागेल ते गाऊन ज्याने लेकरे वाढविली, त्याची निष्ठा आपण ओट्यावर बसून मोजू नये.

नव्या वाचकांसाठी त्या रात्रींबद्दल थोडे सांगितले पाहिजे. विदर्भात त्याला दुय्यम कव्वाली म्हणत. एकाच रात्री दोन पार्ट्या, बहुधा एक गायक आणि एक गायिका, आमनेसामने. वर्धा, पुलगाव, देवळी, हिंगणघाट, कुठेही पोस्टर लागले की पंचक्रोशीतील माणसे निघत. कोणी सायकलने, कोणी बंडी जुंपून, कोणी पायीच. बायका जेवणखाण उरकून चटई आणि गोधडी घेऊन येत, कारण लेकरे अकराच्या पुढे टिकत नसत. आधी त्रिशरण-पंचशील, मग बुद्धगीत, मग भीमगीते आणि मध्यरात्रीनंतर खरा सामना. एका पार्टीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. पेटी, ढोलक, बँजो आणि कोरसच्या टाळ्या. अर्धे मराठी, अर्धे हिंदी; नागपूर-वर्ध्याच्या श्रोत्याला त्यात काही वावगे वाटत नसे. फर्माईशीची चिठ्ठी आणि अकरा रुपये मंचावर पोचले की देणाऱ्याचे नाव भोंग्यावरून पुकारले जाई. ज्या माणसाला दिवसभर मालक नुसते ‘अरे’ म्हणून हाक मारी, त्याचे पूर्ण नाव आडनावासकट सगळ्या वस्तीला ऐकू येई. ते अकरा रुपये वाया गेले असे आम्हांस कधीच वाटले नाही.

आता आमच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्या गाण्याची एक जुनी रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो. कबीरांच्या पदात कबीर येतात, तुकोबांच्या अभंगात तुका येतो, तसे वामनदादा कर्डकांच्या गीतात अखेरीस ‘वामन’ येतो. ज्या कवीला पुस्तक छापणे परवडत नव्हते, ज्याचे नाव मासिकात येण्याची शक्यता नव्हती, त्याचे मुखपृष्ठ, प्रकाशक आणि ग्रंथालय, सर्व काही त्या एका कडव्यात होते. गाणे तोंडोतोंडी गावोगाव गेले तरी कवीचे नाव त्याच्यासोबत चालत जाई. मंडपात बसलेल्या अक्षरशत्रू आजीलाही गाणे कोणाचे ते ठाऊक असे, कारण ते तिने कानाने वाचलेले असे.

वामनदादांचे उदाहरण वर्ध्याच्या वाचकांना जवळचे आहे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. अक्षरओळख झाली ती तरुणपणी, मुंबईत. पुढे ‘वाटचाल’ (१९७३) आणि ‘मोहळ’ (१९७६) हे संग्रह निघाले. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांची गाणी महाराष्ट्रभर पोचली होती. १९९३ साली पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन आपल्या वर्ध्यात भरले, तेव्हा अध्यक्षपदी वामनदादाच होते. समीक्षक नव्हे, प्राध्यापक नव्हे, गाणारा माणूस. वर्धेकरांनी या गोष्टीचा जितका अभिमान बाळगायला हवा तितका तो बाळगला जात नाही. १५ मे २००४ रोजी दादा गेले. पुढच्याच महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. ते दोन महिने आपल्या संगीताला फार जड गेले.

मग कॅसेटचे काय? कॅसेटने आपले भले केले आणि थोडे नुकसानही केले. तबकडीच्या काळात गाणे कोणाचे निघावे हे मूठभर कंपन्या ठरवीत, आणि ग्रामोफोन तर वस्तीत क्वचितच कोणाकडे असे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि भीमगीतांचे पेव फुटले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेला माणूस पुस्तक, मूर्ती आणि कॅसेट घेतल्यावाचून परतत नसे. टू-इन-वन घरात आला की पहिली कॅसेट बुद्धवंदनेची. पहाटे तीच लागे आणि शेजारच्या चार घरांची पूजाही तिच्यावरच होई.

नुकसान असे की, रात्री बारा-बारा कडव्यांची रंगणारी कव्वाली कॅसेटवर सहा-सात मिनिटांत बसवावी लागली. साठ मिनिटांची फीत, एका बाजूला तीस मिनिटे, त्यात चार-पाच गाणी. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव मुंगीच्या पावलाएवढे. तरीही एक पथ्य बहुधा पाळले गेले. मधली कडवी गेली, पण शेवटचे, नावाचे कडवे राहिले. ते गायिल्यावाचून गाणे संपले असे गायकालाच वाटत नसे.

गायकाचे वेड काही आपल्यालाच असते असे नाही. २६ मार्च १९८० रोजी मुंबईत इंग्लंडहून आलेल्या ‘द पोलीस’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. न्यू वेव्ह रॉक म्हणतात त्या प्रकारातले तिघे जण. त्यातला गाणारा स्टिंग आधी शाळामास्तर होता. गंमत म्हणजे त्यांच्या गाण्यातला ठेका पुष्कळसा जमैकातील गोरगरीब काळ्या लोकांच्या रेगे संगीतातून उचललेला. त्या रात्री तेथे असलेले मुंबईकर आजही तिच्या आठवणी काढतात, अगदी आपल्या कव्वालीच्या शौकिनांसारखे. फरक एवढाच की, त्यांच्या प्रत्येक तबकडीवर कोणते गाणे कोणी रचले ते छापलेले आहे. तो वृंद फुटला, काळ लोटला, तरी पन्नास वर्षांनीही कोणी विचारले तर उत्तर मिळेल. आपल्याकडे उत्तर गाण्याच्या पोटात आहे, आणि पोटच कापले तर ते कोठे शोधावयाचे?

कारण आता तेच कापले जात आहे. रात्रभराची कव्वाली का बंद पडली, याला टीव्ही, मोबाईल ही कारणे आहेतच. पण एक सरळ कारण कायद्याचे आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातून १५ दिवसांपर्यंत राज्य सरकारला बारापर्यंत सवलत देता येते, पुढे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत कडक निकाल दिला. नियम वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण ज्या कार्यक्रमाचा प्राण मध्यरात्रीनंतर येई, तो दहाला कसा संपवावा? मग त्याची जागा मिरवणुकीतील डीजेने घेतली. डीजेला हवा ठेका आणि धृपद. धृपद चार वेळा, एखादे कडवे, लगेच पुढचे गाणे. शेवटचे कडवे येतच नाही. कवी चौकापर्यंत पोचण्याआधीच गाडीतून उतरविला जातो.

पोरांनी नाचावे. जयंतीला नाचायचे नाही तर कधी नाचायचे! गिटार, ड्रम घेऊन गाणारी नवी मंडळीही आम्हांस आवडतात. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वृंदाने पहिला मोठा कार्यक्रम केला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी उभा केलेला तो वृंद रॉक, रॅप आणि चेन्नईच्या वस्त्यांतील गाना हे सर्व एकत्र करून जयभीम गातो. वाद्याशी भांडण नाही. आमची तक्रार नाव पुसण्याबद्दल आहे. आणि ही तक्रार केवळ भावनेची नव्हे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. त्याच कायद्यात रचना आपली आहे हे सांगण्याचा कवीचा अधिकार वेगळा नमूद आहे, आणि हक्क विकून टाकला तरी तो अधिकार जात नाही. मोबाईलवर गाणे चढविणारा ‘पारंपरिक भीमगीत’ असे लिहून मोकळा होतो. भीमगीत पारंपरिक कसे असेल? परंपरेने आपल्याला गाणी दिली असती तर वामनदादांना लिहावी लागली नसती.

आवाज साठविलेला असला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे देतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मारली गेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपविले. ते वस्तीत गाणारे कवी. पण आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे आपल्या चित्रपटासाठी आधीच टिपून ठेवले होते. पुढे ‘जयभीम कॉम्रेड’ या चित्रपटातून तो आवाज आणि ते नाव देशोदेशी गेले. दुसरे, शाहीर विठ्ठल उमप. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात ते मंचावरच कोसळले आणि गेले. संविधानाचा दिवस, दीक्षेची भूमी आणि पायाखाली रंगमंच. त्यांचे गाणे आज ऐकता येते. मात्र आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली गाणाऱ्या कितीतरी जणांचे कंपनीने काहीच काढले नाही. त्यांचा आवाज असलाच तर तो एका जागी आहे: कोण्या शौकिनाने मंचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये. तीत मध्येच कुत्रे भुंकते, मध्येच हरवलेल्या पोराची घोषणा होते, फर्माईशवाल्यांची नावे येतात. आमच्या लेखी त्या कॅसेटची किंमत कंपनीच्या कॅसेटपेक्षा जास्त आहे, कारण तीत गाण्यासोबत वस्तीही भरलेली आहे.

अशा कॅसेट पिपरी मेघेत आहेत हे आम्ही पाहिले आहे. माळ्यावर, शिलाई मशीनच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात. काही घरांत पोरांनी मागच्या कडेची भोके चिकटपट्टीने बुजवून त्यावर सिनेमाची गाणी भरली. ती कव्वाली कायमची गेली. पण उरलेल्या वाचविता येतात, आणि त्यासाठी मोठा खर्च नाही.

वर्ध्याचा उन्हाळा कॅसेटचा शत्रू आहे आणि पावसाळा त्याहून मोठा. उन्हात कवच वाकडे होते, ओलीत फितीला बुरशी येते. खिडकीतून पाहून फितीच्या वेटोळ्यावर पांढरट भुरी दिसली तर ती कॅसेट मुळीच वाजवू नये. भुरी यंत्राच्या डोक्याला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. ती वेगळी ठेवून जाणत्या मेकॅनिकला दाखवावी. चांगली दिसणारी कॅसेट आधी पेन्सिलीने थोडी फिरवून पाहावी, मग एकदा पूर्ण पुढे व एकदा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. मागच्या कडेच्या दोन टिकल्या असतील तर मोडून टाकाव्यात. चुकून पुसले जाण्याची भीती राहत नाही. फीत तुटली तरी घाबरू नये. तिची रुंदी चार मिलिमीटरलाही भरत नाही, म्हणून काम नाजूक आहे, पण जोडता येते. कवच फुटले तर फीत दुसऱ्या कवचात घालता येते. बऱ्याच कवचांना पाच बारीक स्क्रू असतात. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकात गाणे उतरविणे हे कॉलेजच्या पोरापोरींना एका दुपारचे काम आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटे लागतात. घाई करता येत नाही, आणि त्या निमित्ताने पोरे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकतात.

यंदाच्या वर्षावासात विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर प्रत्येक घरातून एक कॅसेट यावी, अशी सूचना आम्ही पिपरी मेघेच्या आयाबहिणींसमोर ठेवीत आहोत. बायकांना यासाठी सांगतो की, त्या डब्यांच्या जागा त्यांनाच ठाऊक आहेत. कॅसेटसोबत घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही आणावे. फीत चालू असताना ते सांगतील तसे वहीत लिहीत जावे: गायक कोण, गीत कोणाचे, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणते, साल साधारण कोणते. साल आठवत नसेल तर त्या वर्षी घरात कोण जन्मले ते विचारावे. आज्यांना ते बरोबर आठवते.