प्रमाणपत्राची कल्हई

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी बिनतारी जाळ्यांची सुरक्षितता शिकवीत होतो. वायफायसाठी डब्ल्यूपीए-टू ही पद्धत वापरली की निर्धास्त राहावे, असे मी नेहमीच्या ठसक्यात सांगितले. खानापूरहून रोज बसने येणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, पण तिच्यातला दोष २०१७ साली उघडकीस आला ना? माझ्या दादाच्या ऑफिसात आता डब्ल्यूपीए-थ्री आहे." वर्ग माझ्याकडे पाहू लागला. "पुढच्या तासाला पाहू," असे म्हणून मी फळा पुसला.

मुलीचे म्हणणे खरे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी ती उणीव जगापुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी नवी पद्धत आली. मला मात्र ते नीट ठाऊक नव्हते. घरी दिवाणखान्यात माझे सीसीएनएचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. मी ते २०१५ साली मिळविले; त्याची मुदत तीन वर्षांची, म्हणजे ते २०१८ सालीच संपले. त्या दिवशी घरी गेल्यावर मी त्या काचेवरची धूळ पुसली, आणि खालच्या कोपऱ्यातली ती तारीख कित्येक वर्षांनी वाचली.

मित्रहो, आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला येत असे. आजी माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढून ओळीने मांडी. भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिके. परंतु आतली कल्हई उडाली, की त्यात केलेले चिंचेचे सार कळकायचे. पदवी आणि प्रमाणपत्र यांचे नाते मला तसेच वाटते. पदवी हे भांडे आहे, त्याला मुदत नाही. त्यात आज जे शिजवायचे, त्यासाठी कल्हई मात्र वेळोवेळी करावी लागते.

"एकदा परीक्षा दिली, उत्तीर्ण झालो, आता पुन्हा कशाला?" हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि, खरे सांगायचे तर, आम्ही प्राध्यापकही मनातल्या मनात विचारतो. वास्तविक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनाही हे शहाणपण उशिराच सुचले. कॉम्पटिया या संस्थेची ए-प्लस, नेटवर्क-प्लस, सिक्युरिटी-प्लस ही प्रमाणपत्रे पूर्वी जन्मभराची असत. १ जानेवारी २०११ पासून ती तीन वर्षांची झाली. सीसीएनएचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये बदलला. आरआयपी, ईआयजीआरपी हे जुने मार्गनिर्धारणाचे विषय गळाले, आणि जाळ्यांच्या स्वयंचलनाचा भाग आत आला. माझ्या वह्यांमध्ये जे गळाले त्यावर पाने भरली आहेत. जे आले त्यावर एक ओळ नाही. शिवाय हे बंधन फक्त आपल्याच धंद्यात आहे असे नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकविण्यासाठी पाच वर्षांत तीस श्रेयांक जमवावे लागतात, आणि त्याबद्दल रुग्णाची तक्रार नसते!

तेव्हा नूतनीकरण हवे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. परंतु ते कसे आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न वेगळा आहे. कल्हईवाला कल्हईचे पैसे घेई. भांडे नव्याने विकत घ्या, असे तो कधी म्हणाला नाही. सीसीएनएची परीक्षा तीनशे डॉलरची आहे. मुदत संपण्यापूर्वी मान्य अभ्यासक्रमांतून तीस श्रेयांक मिळविले तर परीक्षेवाचून नूतनीकरण होते. एकदा मुदत उलटली की माझ्यासारख्याला पहिल्या पायरीपासून चढावे लागते. सिक्युरिटी-प्लससाठी तीन वर्षांत पन्नास श्रेयांक, आणि वर दरवर्षी शुल्क. बेंगळुरूच्या नोकरदाराचे शुल्क पुष्कळदा त्याची कंपनी भरते. निपाणी-चिकोडीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाने ते कोठून आणावे?

उलट दुसरे उदाहरणही आहे. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट आणि एक्स्पर्ट दर्जाच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२१ पासून एकच वर्षाची झाली, हे ऐकून प्रथम कोणीही दचकेल. परंतु त्यांचे नूतनीकरण विनामूल्य असते; मुदतीपूर्वीच्या सहा महिन्यांत घरी बसून, पुस्तक उघडे ठेवून, फक्त काय बदलले तेवढ्यावर प्रश्न सोडवावयाचे. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. येथे परीक्षा पाठांतराची नाही, आणि परीक्षार्थीच्या खिशाचीही नाही.

शुल्क भारी झाले, की चोरवाटा निघतात. फुटलेल्या प्रश्नांचे संच बाजारात मिळतात; विद्यार्थी त्यांना 'डम्प' म्हणतात. पाठ करायचे, एक दिवस ओकायचे, आणि तीन वर्षे मिरवायचे. ही कल्हई नव्हे, वरून फासलेला चंदेरी रंग आहे. पहिल्याच आमटीला तो उतरतो, आणि मुलाखतीच्या टेबलावर किंवा बँकेचे जाळे बंद पडलेल्या रात्री तो उतरला, तर नाव केवळ त्या मुलाचे जात नाही, कॉलेजचेही जाते.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु अभिमानाने जाळे दुरुस्त होत नाही. म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दर शनिवारी दुपारी संगणक प्रयोगशाळा उघडी ठेवून अभ्यासमंडळ चालवावे. जाळ्यांच्या सरावासाठी पॅकेट ट्रेसर हे साधन विनामूल्य मिळते, त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. दुसरी, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने एक छोटा निधी उभारावा, आणि त्यातून दरवर्षी निदान काही गरजू मुलांचे परीक्षाशुल्क द्यावे. तिसरी, टिपणे मराठीत आणि कन्नडात तयार करावीत. परीक्षा आपल्या दोन्ही भाषांत नाही, हे खरे. परंतु समज आधी आपल्या भाषेत येते, आणि उत्तर मग कोणत्याही भाषेत देता येते. आमचे कन्नड विभागातील सहकारी या कामाला तयार आहेत. ज्या मासिकात आपण पानाला पान लावून बसतो, त्याच्या दोन विभागांना एकत्र काम करण्याची याहून चांगली संधी कोणती?

आणि चौथी गोष्ट कॉलेजला नव्हे, मला स्वतःला सांगावयाची आहे. विद्यार्थ्याने दर तीन वर्षांनी आपले ज्ञान तपासून घ्यावे, आणि शिक्षकाने मात्र निवृत्तीपर्यंत त्याच वहीवर भागवावे, हा न्याय नव्हे. मी पुन्हा पहिल्या पायरीपासून अभ्यासाला बसलो आहे. येत्या उन्हाळी सुट्टीत स्वतःच्या पैशाने परीक्षा देईन. निकाल उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, तो विभागाच्या सूचनाफलकावर माझ्या हाताने लावीन. पन्नाशीच्या घरात विद्यार्थ्यांपुढे नापास होण्याची भीती वाटते, हे कबूल करतो. परंतु त्या दिवशी फळा पुसताना जी लाज वाटली, तिच्यापेक्षा ही भीती बरी.

खानापूरच्या त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी उत्तर दिले. "तू म्हणालीस ते बरोबर, माझे चुकले." वर्गात कोणी हसले नाही. त्या तासाला प्रश्न मात्र नेहमीपेक्षा जास्त आले.