'सर्वांना प्रवेश' म्हणजे कोणाला?

विद्यापीठांच्या मानव्यविद्या शाखा नव्या सत्राच्या आरंभी आगामी व्याख्याने व परिसंवाद यांची पत्रके काढतात. पत्रकाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'सर्वांना प्रवेश खुला.' इतर कोणी ती वाचून पुढे जाईल. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठा, देऊळ आणि शाळेची ओसरी बंद होती, त्या आम्ही मात्र तेथे थांबून विचारले पाहिजे की, हे 'सर्व' कोण?

पत्रक नीट वाचा. वेळ दुपारी तीनची आणि वार कामाचा. त्या घटकेला बांधकामावरचा मजूर, सफाई कामगार आणि चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी कोठे असते, हे आयोजकांस ठाऊक नाही काय? भाषा पुष्कळदा इंग्रजी. आणि विषय? बाबासाहेबांचे नाव १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखांच्या आसपास हार घालण्यापुरते निघते. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ उरलेल्या वर्षात अर्थशास्त्राच्या व्याख्यानमालेत किती वेळा दिसतो? वंदन करावयाचे आणि विचार मात्र दाराबाहेर ठेवावयाचा, ही सोवळ्याचीच नवी तऱ्हा होय!

कोणी म्हणेल, ही विद्वानांची सभा. तेथे सामान्यांचे काय काम? ज्या विद्यार्थ्याला अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत नाकारण्यात आले व फारशी घ्यावी लागली, त्यानेच ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. तेव्हा त्याचे वय होते अवघे २५. ज्याने जात सोसली तोच जातीचा भाष्यकार झाला.

परंतु व्यासपीठ दुसऱ्याचे असले की काय होते, हे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने दाखविले. अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण झेपेना तेव्हा त्यात फेरफार मागितले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. सभा रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. श्रोते होतेच, सभागृह तेवढे नाकारले गेले.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यापायी आमच्या वस्त्या पेटविल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. प्रवेशद्वारावरील अक्षरांसाठी साडेपंधरा वर्षे! एवढे मोल दिलेल्या समाजाने द्वारापर्यंतच जाऊन परतावे काय?

म्हणून विद्यापीठांकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. व्याख्याने सायंकाळी वा सुटीच्या दिवशी ठेवा. मराठीतून ठेवा, इंग्रजीत असतील तर मराठी सारांश वाटा. बुद्धाचे तत्त्वज्ञान, पाली वाङ्मय आणि बाबासाहेबांचे ग्रंथ यांना वर्षभराच्या अभ्यासात स्थान द्या. ही विद्यापीठे लोकांच्या पैशावर चालतात आणि त्या पैशात आमच्या घामाचा वाटा आहे.

आणि नवदीक्षित माता-पित्यांनो, आपलेही कर्तव्य आहे. पत्रक विहाराच्या फळ्यावर लिहा. वेळ गैरसोयीची असेल तर वस्तीच्या सह्यांनिशी विभागप्रमुखांना अर्ज द्या. मुलामुलींना घेऊन जा आणि मागच्या भिंतीला टेकून न राहता पुढच्या रांगेत बसा. बुद्धाचा धम्म 'एहिपस्सिको' आहे : या, पाहा, पारखून घ्या. ऐकलेले तपासल्यावाचून स्वीकारू नये, ही त्याची शिकवण. तेव्हा व्याख्यान संपताच हात वर करा आणि प्रश्न विचारा. तो अडखळत विचारला तरी चालेल. पण आपल्या लेकीने तो विचारलेला त्या सभागृहाने ऐकलाच पाहिजे.

दीक्षेने आपली मान ताठ झाली आहे. आता त्या ताठ मानेने ज्ञानाच्या दारातून आत चला.

जय भीम!