गुडघे दुखतात? मग मशीनआधी ताट बघा

"डॉक्टर, गुडघे दुखतात, वजन कमी करायचंय. घरी कुठलं मशीन घेऊ?"

परंदवडी, सोमाटणे, बेबडओहोळ भागातल्या रुग्णांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. पावसाळ्यात तर जास्तच. मावळातला पाऊस, गावातला चिखल, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरची वाहनं. चालायला जायचं तरी कुठे? प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर म्हणून जाहिरातींतून जे गळ्यात मारलं जातं, त्याबद्दल आज स्पष्ट बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. वजन कमी करणारं मशीन बाजारात मिळत नाही. चांगलं मशीन गुडघ्याला मदत करू शकतं, पण वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने गुडघ्याची झीज आणि जास्त वजन असलेल्या, ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या ४५४ जणांवर १८ महिने अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी २ किलोसुद्धा उतरलं नाही. फक्त आहार बदलणाऱ्यांचं जवळपास ९ किलो उतरलं. दोन्ही करणाऱ्यांचं साडेदहा किलो उतरलं आणि वेदनाही त्यांच्याच सर्वात कमी झाल्या.

हिशेब साधा आहे. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास मध्यम वेगाने सायकल मारली, तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. लोणावळ्याच्या शेंगदाणा चिक्कीचे ५० ग्रॅम तुकडे खाल्ले, की त्याहून जास्त परत येतात. ही गोष्ट कुठलाही विक्रेता तुम्हाला सांगणार नाही.

मग व्यायाम कशाला? मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी. तो मजबूत असला तर गुडघ्याला आधार मिळतो आणि वेदना कमी होतात. त्याच्या जोडीला वजन उतरलं तर फायदा मोठा: शरीराचं एक किलो कमी झालं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

आता मशीन एकेक करून बघू.

थरथरणारं व्हायब्रेशन मशीन आणि पोटाला बांधायचा घामाचा पट्टा: वजनासाठी यांवर एक रुपयाही घालवू नका. घामातून पाणी जातं, चरबी नाही. दोन ग्लास पाणी प्यायलात की काटा परत जागेवर.

स्टेपर: हा म्हणजे घरातला जिना. जिना चढताना ज्यांचा गुडघा दुखतो, त्यांनी तो घेऊन दुखणं घरी आणू नये.

ट्रेडमिल: पट्टा सपाट आणि वेग कमी ठेवला तर चालेल, पण ते शेवटी चालणंच आहे. सोसायटीचं पार्किंग किंवा लांब ओटी असेल, तर त्यासाठी हजारो रुपये कशाला? चढ आणि पळणं तर नकोच.

क्रॉस ट्रेनर: पाय आपटत नाही हे खरं, पण शरीराचं वजन पायांवरच राहतं. काहींना मानवतो, काहींना नाही. दहा मिनिटं वापरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

स्थिर सायकल: घ्यायचंच असेल तर हीच. शरीराचा बराचसा भार सीटवर जातो, गुडघ्याला हालचाल मिळते. सीट मात्र नीट लावा. पॅडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली की गुडघा जास्त वाकतो आणि दुखतो. सुरुवात पाच मिनिटांनी करा, ताण अगदी कमी ठेवा.

आणि एक साधन तुमच्या घरात आधीच आहे: खुर्ची. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग जमेल तसं, हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा. हे रोज दहा मिनिटं दोन आठवडे करून दाखवा, मग सायकल घ्या. इतकं जमलं नाही, तर सायकलवर ओले टॉवेलच वाळणार.

मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चीड येते. हप्त्यावर मशीन येतं, पहिल्याच आठवड्यात हौसेने अर्धा-अर्धा तास होतो, गुडघा सुजतो. बाई म्हणते, "मला व्यायाम मानवत नाही." मग होतं तेवढं चालणंही थांबतं, वजन वाढतं, पाठोपाठ साखर वाढते. चूक मशीनच्या निवडीची, पण दोष ती स्वतःला देते. यात आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. "वजन कमी करा" एवढं सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारतो. कसं करायचं ते सांगत नाही. ती रिकामी जागा जाहिरात भरते.

म्हणून आजपासून एवढं करा. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. तिथून सुरुवात करा. भात इंद्रायणी असला तरी एकदाच वाढून घ्या. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं ठेवा. डाळ, उसळ, ताक, अंडी कमी करू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

व्यायामात थोडं दुखलं तर घाबरू नका; दुसऱ्या सकाळपर्यंत ते शमायला हवं. नाही शमलं, तर वेळ निम्मी करा. पण गुडघा लाल, गरम होऊन सुजला, अडकला किंवा चालताना अचानक दगा देऊ लागला, तर आधी तपासून घ्या. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर कुठलाच व्यायाम सुरू न करता लगेच डॉक्टरांकडे जा.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा मशीनचं माहितीपत्रक आणू नका. दोन दिवसांत काय काय खाल्लं ते कागदावर लिहून आणा. आपण त्यावर बोलू.